पोंग्यातल्या पाहुण्या

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! कुंदानं सकाळी बांधावरच्या गाजरगवतात डबाभर अळ्या सोडल्या. मका फस्त करणाऱ्या लष्करी अळ्याच, पण प्रयोगशाळेत चव बदललेल्या. गाजरगवत सोडून कशालाच तोंड लावायच्या नाहीत म्हणे. त्या गवतापायी तिच्या सासऱ्यांचा दमा बळावलेला, म्हणून तर गावाशी भांडून तिनं त्या आणल्या.

आणि भर दुपारी बघते तर काय, सगळ्या अळ्या शेजारच्या मक्याच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत!

सासरे राखेची पाटी घेऊन हजरच. "सूनबाई, पोंग्यात अळी दिसली की राख टाकायची, हे आमच्या वाडवडिलांपासूनचं. तुझ्या पाहुण्यांनापण वाढतो."

"आबा, थांबा ना! पानाला एक तरी भोक दिसतंय का?"

"पंगत बसायच्या आधी भोक कुठनं दिसणार गं?" आबा हसायला गेले आणि खोकल्यानं वाकलेच.

कुंदाला पेच पडला. राख टाकली तर अळ्या मरणार. नाही टाकली आणि चव बदललेलीच नसली, तर मका जाणार. तरी तिनं पाटी ओढली आणि साडीनिशी तिच्यावरच बसली! "ऊन कलू दे, मग तुम्ही म्हणाल तसं."

ऊन कललं, आणि अळ्या निघाल्या की गं! उन्हाला कंटाळून नुसत्या सावलीला बसल्या होत्या. उतरल्या त्या थेट बांधाकडं, गाजरगवतावर तुटून पडल्या.

आबा म्हणाले, "बाई, खातायत की गं!"

आता खरं सांग, तू असतीस तर राख टाकली असतीस, की थांबली असतीस?