सर्व्हरची खंडेनवमी

साजगावच्या कारखान्यात दोन सर्व्हर होते. एक विंडोजवर चालणारा, दुसरा रत्नदीपने स्वतः बसवलेला, लिनक्सवरचा. विंडोजवाला अपडेटच्या पायी सारखा बंद करून चालू करावा लागे, तेव्हा रत्नदीप छाती फुगवून म्हणे, "आपला बघा! बसवल्यापासून एकदाही बंद केला नाय."

खंडेनवमीला मालक हळदकुंकू घेऊन आले. "दोन्ही बंद कर. पूजा झाली की मेन स्विच पाडू. आईला दीक्षाभूमीला न्यायचंय ना तुला? जा खुशाल."

विंडोजवाला निमूट बंद झाला. लिनक्सच्या बटणावर मात्र रत्नदीपचं बोट थिजलं.

"सर, याला जनरेटरवर चालू ठेवू या. मी थांबतो इथे."

"याला म्हणतात निष्ठा!" मालकांनी पाठ थोपटली.

गेटबाहेर आई पिशवी भरून उभी होती. रत्नदीपने येणं जमणार नाही म्हणताच ती म्हणाली, "यंदाबी नाय का रं? सगळ्या मशिनींना सुट्टी, नि तुलाच नाय?"

रत्नदीप तिच्या कानाशी वाकला.

 

"कोणाला बोलू नको, आई. एकदा बंद केला तर तो परत चालू होईल का, ते मलाच ठाव नाय."