उष्टा वारा

मंगळवारी दुपारी वाऱ्याची पाळी चाफेवाडीची असायची. पाळी सुरू होताच गजराबाई खळ्यातल्या तिवईवर चढल्या आणि नाचणीचं सूप उंच धरून हलवू लागल्या. भुसा उडालाच नाही. दाण्यांबरोबर सरळ खाली पडला.

वर पठारावर त्यांचा भाचा दिगंबर पवनचक्क्या सांभाळायचा; गावाच्या पाळीपुरत्या त्या थांबवून तो वारा खाली सोडायचा. त्यांनी त्याला फोन लावला.

"अरे, वारा सोडलास ना?"

"सोडला, मावशी. माझी सगळी पाती उभी आहेत."

"मग भुसा का उडेना?"

"पलीकडच्या डोंगरावर नव्या रांगा चालू आहेत. त्या पात्यांनी जोर काढून घेतलेला वारा आपल्याकडे येतो."

"म्हणजे उष्टा!"

"सगळा त्यांनाही घेता येत नाही गं. हवा पात्यांमागे तुंबली, तर पातीच थांबतील. म्हणून थोडा पुढे जाऊ द्यावाच लागतो."

"उपकारच झाले! उद्या भैरोबाला नव्या नाचणीचा नैवेद्य आहे. या खळ्यावर डोक्यावर पदर ठरत नव्हता रे पूर्वी."

"पंखा लाव की."

"पंखा कशावर फिरतो, मुडद्या?"

त्यांनी फोन ठेवला.

फुंकर मारली की धान्य उष्टं होतं, देवाला चालत नाही, असं सासूने त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं. गजराबाई पाळी संपेपर्यंत सूप धरून उभ्या राहिल्या. पठारावरची पाती पुन्हा फिरू लागली, तेव्हा त्या खाली उतरल्या, मूठभर नाचणी तळहातावर घेतली आणि फुंकर मारली.

"चालवून घे, भैरोबा," त्या म्हणाल्या. "एवढाच वारा आता माझा आहे."