तुटलेला हात

"मॅडम, त्याचा तुटलेला हात परत आला कुठून?"

प्रश्न विचारून भोंगा उभीच राहिली; खणखणीत आवाजामुळे सगळे तिला भोंगाच म्हणायचे. पैजच लागली होती ना! "हिंमत असेल तर विचार, तुझीच तर आई आहे," असं म्हणून मैत्रिणींनी तिला कोपराने ढोसलं होतं. आणि माइक धरून खरंच तिची आईच उभी होती, कॉलेजची फिजिक्सची मॅडम. भविष्यातून आलेल्या यंत्रमानवाचा एक जुना सिनेमा नुकताच संपला होता आणि खच्चून भरलेल्या हॉलमध्ये चर्चा चालू होती.

"छान प्रश्न," आई म्हणाली. "अगं, तो भविष्यातून आलाय. त्याला आधी काय नि नंतर काय? दिग्दर्शकाने काळाची सरळ रेषाच मोडलीय."

हॉलभर 'वा' उमटलं. कॉलेजची मुलं माना डोलवायला लागली.

"मला वाटलंच होतं," चष्मिश मैत्रीण म्हणाली.

"ए, मघाशी तूच म्हणत होतीस, काय चाललंय काय!" दुसरीने टोकलं.

"मघाशीचं मघाशी."

भोंगा काही खाली बसेना. "पण मॅडम, हिरॉइनचे केस? पुलाखाली तिने कराकरा कापले. मग हॉस्पिटलात ही एवढी वेणी? ती तर भविष्यातली नाही!"

हशा पिकला. आईही हसली. "बाळा, बस आता. सगळंच सगळ्यांना कळतं असं नाही."

हे वाक्य भोंगाने आठवडाभर घरी ऐकलं होतं. दहावी संपली होती, अकरावीला कुठली शाखा घेणार ते उद्या सांगायचं होतं, आणि आईचं एकच टुमणं होतं: सायन्स तुला झेपायचं नाही, आर्ट्स घे.

ती मटकन बसली. कान तापले होते. एवढ्या सगळ्यांना कळलं आणि आपल्यालाच नाही? म्हणजे आईचं बरोबर?

हॉल रिकामा झाल्यावर ती मागच्या प्रोजेक्टरच्या खोलीत गेली. कॉलेजचा फिल्म क्लब बाबा चालवायचे, जुन्या मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते स्टुलावर बसले होते. दोन्ही हातांत रिळांच्या डब्यांची झाकणं. मागोमाग आईही आली.

"घोळ झाला गं," बाबा आईला म्हणाले. "झाकणं अदलाबदल झाली. चौथं रीळ आधी लागलं, तिसरं नंतर."

आईने झाकणांवरचे आकडे पाहिले. "म्हणजे हात..."

"तिसऱ्यात होता. चौथ्यात तुटला."

"आणि वेणी?" भोंगाने विचारलं.

"तीही तिसऱ्यातच."

खिडकीखाली पायऱ्यांवर मुलं अजून घोळका करून उभी होती. कुणीतरी हातवारे करून काळाची मोडलेली रेषा समजावत होतं.

"कुणाला सांगू नका हं," आई हळूच म्हणाली. "आणि तसं माझं म्हणणं अगदीच काही चूक नव्हतं."

भोंगाने खाली पाहिलं, मग आईकडे, मग बाबांकडे. हसावं की रडावं ते कळेना.

"पण मग त्या सगळ्यांना कळलं काय?"

बाबांनी झाकणं खाली ठेवली.

"आई, बाबा, मी उद्या सायन्स सांगणार," भोंगा म्हणाली. "मला एखादी गोष्ट कळली नाही, की 'कळली नाही' हे मला बरोब्बर कळतं."