काचेचा आवाज
माझा नवरा पियुष तापानं गेला आणि त्याची हौसेची मोठी मोटरसायकल अंगणात तशीच राहिली. सासूबाई रोज संध्याकाळी किल्ली फिरवून बटन दाबत. मोटरवर चालणारी समोरची काच कर्र कर्र करत वर चढे. "पाह्य वं दिव्यानी, बोलून राह्यला तो," म्हणत त्या ताट घेऊन गाडीजवळच जेवत. मला मात्र त्या आवाजात त्याची शेवटची धाप ऐकू येई. शेवटी सासूबाई ब्रह्मपुरीच्या बाजाराला गेल्या तेव्हा मी त्याच्याच पेचकसानं स्क्रू काढून काचेखालचं पॅनल उघडलं. खाचेत धान अडकलं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी सासूबाईंनीच, आमच्याकडच्या रीतीनं, तिच्यावरून धान ओवाळून उधळलं होतं. दाणे पावसात फुगले होते, दोन दाण्यांना कोंब येऊन ते वाळलेही होते. मी सगळे झाडून काढले, ग्रीस लावलं, पॅनल बसवलं. संध्याकाळी काच गुपचूप वर चढली. सासूबाईंनी पुन्हा बटन दाबलं, मग पुन्हा. "काऊन बोलत नाई हा? तुनं काई म्हटलं का त्याले?" त्यांनी भरलं ताट बाजूला सारलं. मी घरात धावले, धान साठवायच्या ढोलीतलं मूठभर धान आणून काचेच्या फटीत ओतलं आणि बटन दाबलं. काच तशीच मुकाट वर चढली. मी दुसरी मूठ आणायला पळाले.