जिवंतपणीची तेरवी

हट्ट्याच्या सटवाजीला दोन लेकं होती, पण म्हातारपणी त्याला पेलाभर पाणी द्यायलाही दोघांना जड जात होतं. रान मात्र दोघांनाही आजच्या आज वाटून पाहिजे होतं. "मी मेल्यावर ही कुत्री माझी तेरवीसुदिक घालायची न्हाईत," असं गावभर सांगत सटवाजीनं चार मेंढरं विकली आणि जिवंतपणीच स्वतःची तेरवी घातली. निजामाच्या पटवाऱ्यापासून मेंढक्यांपर्यंत सगळ्यांना आवतण दिलं. गावासमोर लेकांची मान खाली जावी, एवढाच त्याचा बेत.

लेकं पहिल्याच पंगतीला बसली. गव्हाची खीर मागून मागून खाल्ली. जेवणं झाल्यावर, बाप गेलेल्या पोराला बांधतात तसा पांढरा फेटा थोरल्या धोंडबाला त्याच्या सासऱ्यानं बांधला, आणि त्या निलाजऱ्यानं तो खुशाल बांधून घेतला. सटवाजी बाजूला जाऊन थुंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका ऐकून तो बाहेर आला. दोघं भाऊ दोरी धरून अंगण मापत होते आणि नदीकडच्या रानावरून भांडत होते. पंच म्हणून कालच्याच पंगतीतली मंडळी ओसरीवर बसली होती.

"अरे, बाप जिता हाये अजून!" सटवाजी ओरडला. "माझ्या रानाची वाटणी करणारे तुमी कोण रे?"

धोंडबानं डोक्यावरचा फेटा सारखा केला.



"आबा, तुमी काहून मधी बोलून राहिले? तुमची तेरवी झाली ना काल!"