शब्द : पारंपरिक

"जोंधळा भरडला, कण्या राहिल्या सुपात,
लेक गेली गाण्यापाठी, तिचं ताट गं घरात."

जात्यावर बसलेल्या आईचा तो आवाज शर्वाणीच्या कानात अजून ताजा होता. ओवी आईनं लेकीसाठीच रचलेली. सोबत शिकणाऱ्या उन्मेषनं ती ऐकली, तिथंच भिंतीला टेकून गिटारवर चाल बसवली, आणि सांगलीच्या त्या स्वयंपाकघरात दोघांचा बँड उभा राहिला.

वर्षभरानं सीडी निघाली. आईनं चष्मा लावून कव्हर वाचलं. 'संगीत : उन्मेष. शब्द : पारंपरिक.'

"हे पारंपरिक म्हणजे कोण गं?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, जुनीच ओवी असेल," उन्मेष म्हणाला. शर्वाणीनं त्याच दिवशी बँड सोडला.

त्यानंतर अठरा वर्षांनी, आई गेल्यावर, त्याचा फोन आला. एकदा परत गाऊ म्हणाला. आईचं नाव मंचावरून मी स्वतः सांगेन म्हणाला. चूक कुणाकडूनही होते, असं मनाशी म्हणत ती आली.

पडद्यामागं तो तारा जुळवत बसला होता.

"चाल आठवते ना उन्म्या, की केसांबरोबर तीही गेली?"

तो हसला नाही. गिटार त्यानं बाजूला ठेवली.

"शरू, गाण्याआधी एक ऐक. ओवी काकूंची आहे हे मला माहीत होतं. चहा देताना त्यांनीच सांगितलं होतं. पण त्यांचं नाव छापलं असतं, तर गाणं त्यांचं झालं असतं. मला ते माझं हवं होतं."