दुसरा टोल

"शलोमे, मान मोडेल गं, किती बघशील फाटकाकडे?" प्रार्थनेच्या रांगेतली गुणमाला कुजबुजली. पण शलोमीचा जीव थाऱ्यावर नव्हता. लहानपणापासून तिला सांभाळणाऱ्या, मिशनच्या वसतिगृहाच्या मोठ्या बाईंना काल ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं होतं. इतक्यात शिपाई केरूभाऊ मिरजेहून सायकलवर आले. कुणाशी न बोलता ते थेट घंटेकडे गेले. मिशनच्या आवारात प्रार्थनेची घंटा भराभर वाजे, मयताची थांबून थांबून. पहिला टोल पडला. तो दोन्हींचा सारखाच असतो. दुसरा काही येईना. केरूभाऊ दोर धरून खाली मान घालून उभेच. रांगेत हुंदका फुटला. शलोमी धावली आणि दोर हिसकून भराभर टोल देऊ लागली. "आगं पोरी, दम तर घेऊ दे!" केरूभाऊ धापा टाकत म्हणाले. "बाई बऱ्या हायत. प्रार्थनेची घंटा चुकवू नको म्हणून त्यांनीच पिटाळलं." शलोमीचे हात मात्र थांबेनात.